उस्तादांचे कसब हेडसेटमध्ये उतरवताना : या चुका टाळा

दापोडीचे सीएमई (लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय), खडकीचे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी अभियंता सैनिकांचे, केंद्र आणि दिघीची डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची अभियांत्रिकी प्रयोगशाळा ही पुण्याच्या एकाच अंगाला आहेत. याच शहरात व्हीआरचे, म्हणजे हेडसेटमधून दिसणाऱ्या आभासी जगाचे, काम जाणणारे तरुण अभियंतेही आहेत आणि आयुष्यभर सॅपरकी करून निवृत्त झालेले सुभेदारही आहेत. लष्करी प्रशिक्षणासाठी व्हीआर तयार करायला इतकी अनुकूल जागा क्वचितच सापडेल. तरीही असे प्रकल्प फसतात, आणि माझ्या अनुभवात त्याचे कारण बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये नसते. उस्तादांचे, म्हणजे लष्करातील अनुभवी प्रशिक्षकांचे, ज्ञान गोळा करण्याची पद्धतच चुकलेली असते आणि ती चूक पुढच्या प्रत्येक टप्प्यात मुरत जाते.

या लेखात उदाहरण म्हणून बेली पुलाचे, म्हणजे सुटे पोलादी भाग जोडून उभारायच्या लष्करी पुलाचे, काम घेतले आहे. ब्रिटिश अभियंते डोनाल्ड बेली यांनी दुसऱ्या महायुद्धात आखलेल्या या पुलाची रचना कधीचीच उघड आहे, गोपनीय नाही. त्याचा मूळ पॅनेल (जोडायची सुटी चौकट) 10 फूट लांब आणि सुमारे 260 किलो वजनाचा असतो आणि तो सहा जण उचलतात. पूल अलीकडच्या काठावर जोडून रोलरवरून पुढे ढकलतात. त्याच्या तोंडाशी तात्पुरता, बिनफळ्यांचा हलका सांगाडा जोडलेला असतो, त्याला लाँचिंग नोज (पुलाचे नाक) म्हणतात. हे नोज पलीकडच्या रोलरवर टेकेपर्यंत साऱ्या सांगाड्याचा गुरुत्वमध्य अलीकडच्या काठावरील रोलरच्या मागेच राहिला पाहिजे. तो पुढे सरकला तर पूल नाकावर कोसळतो.

'तुम्ही हे काम कसे करता?' असे विचारणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. हा प्रश्न विचारला की अनुभवी उस्ताद प्रामाणिकपणे उत्तर देतात, पण ते उत्तर असते पुस्तिकेचे: रोलर मांडा, पॅनेल जोडा, पिना ठोका, ढकला. यात लपवाछपवी काहीच नसते. कसब अंगवळणी पडले की त्यातले निर्णय जाणिवेच्या खाली जातात आणि करणाऱ्यालाच ते दिसेनासे होतात. तज्ज्ञ आपल्या कामाचे वर्णन करताना त्यातले सुमारे 70 टक्के निर्णय वगळून जातात, असे शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी मांडले आहे. पुस्तिकेबरहुकूम उत्तरांवर कार्यक्रम बांधला की तयार होते ती फिरती पुस्तिका, आणि प्रशिक्षणार्थी ती पाठ करून बाहेर पडतो.

यावरचा उपाय जुना आणि पारखलेला आहे. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी महायुद्धकाळात अमेरिकी हवाई दलासाठी केलेल्या कामातून निर्णायक प्रसंगांची पद्धत आकाराला आली आणि 1954 मध्ये त्यांनी ती मांडली. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये तिला अधिक खोल रूप दिले. आगीशी झुंजणाऱ्या अधिकाऱ्यांचा अभ्यास करताना क्लाइन यांना आढळले की हे अधिकारी बहुतेक वेळा पर्यायांची तुलना करतच नाहीत. परिस्थिती ओळखीची वाटते आणि तिच्यासोबतच पुढची कृती सुचते. ही 'ओळख' कशावरून पटली, हेच मुलाखतीतून काढायचे असते.

म्हणून उस्तादांना एकच खरा प्रसंग सांगायला लावावा, ज्यात काम बिघडता बिघडता राहिले किंवा त्यांच्या अनुभवामुळे निभावले. पहिल्या फेरीत मध्ये न बोलता ऐकावे. दुसऱ्या फेरीत घटनाक्रम कागदावर मांडून त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यावा. तिसऱ्या फेरीत प्रत्येक वळणावर थांबून विचारावे की त्या क्षणी काय दिसत होते, काय ऐकू येत होते, आणि कशाची अपेक्षा होती जी पूर्ण झाली नाही. चौथ्या फेरीत 'याच जागी नवखा हवालदार असता तर त्याने काय केले असते?' असा प्रश्न टाकावा. माझ्या अनुभवात सर्वाधिक सामग्री या चौथ्या प्रश्नाने दिली आहे, कारण नवख्याची चूक सांगताना उस्ताद नकळत स्वतःची नजर उलगडून दाखवतात. दोन तासांच्या अशा बैठकीतून एक प्रसंग नीट निघाला तरी ती सार्थकी लागली असे समजावे.

उस्तादांचे शब्द बदलणे

ही चूक आपल्याकडे विशेष घडते. साताऱ्या-सांगलीकडचे माजी सैनिक प्रसंग मराठीत सांगतात, फौजी हिंदीही मिसळतात, आणि प्रकल्पाची कागदपत्रे मात्र इंग्रजीत लिहिली जातात. एका सुभेदार साहेबांनी मला सांगितले होते, "रोलरखालची माती पिठासारखी व्हायला लागली की मी ढकलणे थांबवतो." नोंदीत त्याचे रूपांतर 'जमीन अस्थिर झाल्यास थांबावे' असे झाले आणि अभियंत्याने पडद्यावर लाल दिवा लावला. दिवा लागल्यावर थांबणे कोणालाही जमते; पीठ होत चाललेली माती ओळखणे हेच तर शिकवायचे होते. मूळ वाक्य जसेच्या तसे ठेवावे, त्याचे ध्वनिमुद्रण जपावे आणि चित्रकार व अभियंते यांना ते प्रत्यक्ष ऐकवावे. मुद्रणाआधी परवानगी कोणाची, मुद्रण कोठे राहील आणि कोणता तपशील टिपायचाच नाही, हे लेखी ठरलेले असावे.

पायऱ्या लिहिणे, खुणा न लिहिणे

कामाच्या तक्त्यात 'कृती' हा एकच रकाना असेल तर तो तक्ता अपुरा आहे. प्रत्येक निर्णयासमोर तो कोणत्या खुणेवरून घेतला, नवखा तेथे काय चुकतो आणि ती चूक त्याला बरोबर का वाटते, हे तीन रकाने हवेतच. कार्नेगी मेलन विद्यापीठातील जेम्स स्टॅझेव्स्की यांनी भूसुरुंग शोधणाऱ्या निष्णात माणसांचा जो अभ्यास केला, तो येथे मुद्दाम सांगण्यासारखा आहे. निष्णात माणूस शोधकयंत्राचा आवाज कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे टिपत जाऊन जमिनीखालच्या वस्तूची आकृती मनात जुळवतो, असे त्यांना दिसले. सैनिकांना हीच रीत शिकवल्यावर, यंत्र तेच असूनही, अल्पधातूचे सुरुंग सापडण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले.

एकाच तज्ज्ञावर विसंबण्याची चूकही येथेच मोडते. दोन उस्तादांचे मत जुळले नाही की प्रकल्पप्रमुख वरच्या हुद्द्याचे मत ग्राह्य धरतो. त्याऐवजी, कोणत्या जमिनीवर हे शिकलात, असे दोघांना विचारावे. एकाची नोकरी वाळवंटात गेलेली असते आणि दुसऱ्याची डोंगरी नद्यांवर. दोघेही बरोबर असतात आणि त्यांच्या मतभेदातून दोन वेगळे प्रसंग तयार होतात. आपली भिजून फुगणारी काळी माती हा तिसरा.

चुकीच्या जागी वास्तवता

पाण्यावरची चमक हुबेहूब करण्यात आठवडे घालवणारे गट मी पाहिले आहेत. एडविन लिंक यांनी 1929 मध्ये बनवलेल्या उड्डाणसदृशकात (जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणाऱ्या यंत्रात) बाहेरचे दृश्य नव्हतेच. तरीही महायुद्धात असंख्य वैमानिक त्यावर उपकरणांच्या आधारे उडायला शिकले, कारण दांडा हलवला की काटे खरे वाटावेत असे हलत. वास्तवता निर्णयाच्या खुणेत हवी. बेली पुलात ती आहे रोलरखालच्या मातीत, पूल ढकलताना एका बाजूला सरकू लागतो त्या अर्ध्या वितीत, आणि पिन पूर्ण बसल्यावर बदलणाऱ्या हातोड्याच्या आवाजात.

सहा जणांनी पॅनेल उचलण्याचा सराव मात्र हेडसेटमध्ये घेऊच नये. 260 किलोंचे वजन तेथे जाणवत नाही आणि रिकाम्या हातांनी उचलण्याची खोटी सवय लागते. ते काम मैदानावर करून घ्यावे आणि हेडसेटमध्ये तुकडीप्रमुखाने घ्यायचे निर्णय ठेवावेत.

लक्षणे आणि त्यांची कारणे

प्रशिक्षणार्थी हेडसेटमध्ये उत्तम गुण मिळवतो आणि प्रत्यक्ष काठावर गोंधळतो, असे दिसले तर आधी मदतीचे बाण आणि चमकत्या कडा तपासाव्यात. तो जमीन न पाहता बाण शोधायला शिकलेला असतो. मदत दर फेरीला कमी करत न्यावी आणि शेवटच्या फेऱ्या पूर्णपणे बिनमदतीच्या ठेवाव्यात. गुणही केवळ वेळेवर देऊ नयेत, कारण घाई करणारा त्यात पुढे दिसतो. 'आत्ता का थांबलास?' याचे उत्तर नोंदवावे.

मळमळ आणि चक्कर यांच्या तक्रारी आल्या तर डोळ्यांना दिसणारी गती आणि कानातील तोलाची जाणीव यांचा मेळ तुटलेला असतो. पाहणाऱ्याची जागा त्याच्या पावलांशिवाय सरकवू नये, चित्र अडखळू देऊ नये आणि सुरुवातीची सत्रे 15 मिनिटांच्या आत संपवावीत.

उस्तादांना सर्वांत शेवटी बोलावणे

चकचकीत आवृत्ती तयार झाल्यावर उस्तादांना पाहुण्यासारखे बोलावले, की ते भिडेपोटी छान म्हणतात आणि तोवर काही बदलण्याची सोयही उरत नाही. आमच्याच एका कामात सुभेदार साहेबांनी हेडसेट चढवताच पहिली गोष्ट केली ती गुडघ्यावर बसून रोलरच्या बुडाशी पाहण्याची. आणि तेथे आम्ही काहीच रेखाटले नव्हते, कारण कोणी तेथे पाहील असे आम्हाला वाटलेच नव्हते. तेव्हापासून पहिली आवृत्ती करड्या ठोकळ्यांचीच करतो, उस्तादांना तिच्यात फिरू देतो, ते कोठे वाकतात, कोठे थांबतात आणि कोणत्या आवाजाकडे मान वळवतात हे टिपतो, आणि त्या यादीवर त्यांची सही झाल्यावरच चित्रकारांच्या हाती काम देतो.