बागेच्या ट्रॅक्टरच्या चाकांना वजन कसे लावावे

बागेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरमध्ये बहुधा इंजिन कमी पडत नाही, कमी पडते ती मागच्या चाकांची पकड. नांगर किंवा भरलेली ट्रॉली ओढताना, चढावर किंवा ओल्या गवतावर इंजिन जोरात चालू असते आणि चाके मात्र जागच्या जागी फिरत राहतात. चाकावर जितका भार अधिक तितकी त्याची जमिनीवरची पकड अधिक, या साध्या तत्त्वावर चाकाला वजन लावण्याची पद्धत उभी आहे. कोरड्या, घट्ट जमिनीवर चाकाला ढोबळमानाने त्याच्यावरील भाराच्या निम्म्याइतकी ओढ मिळते. भुसभुशीत किंवा ओल्या जमिनीवर ती बरीच कमी होते. म्हणजे दोन्ही चाकांवर मिळून ४६ किलो वजन चढवले, तर घट्ट जमिनीवर ओढ साधारण २३ किलोभाराने वाढेल. चिखलात तेच वजन जवळजवळ वाया जाऊ शकते, आणि तिथे खोल नक्षीचे टायर किंवा साखळ्या अधिक उपयोगी पडतात.

म्हणून वजन लावण्याआधी चाक खरोखर किती घसरते हे मोजावे. मागच्या टायरवर खडूने खूण करावी, औजार जमिनीवरून उचलून ट्रॅक्टर सरळ चालवावा आणि चाकाच्या १० फेऱ्यांत किती अंतर कापले जाते ते मोजावे. नंतर त्याच जमिनीवर औजार लावून पुन्हा १० फेऱ्या मोजाव्यात. पहिल्या वेळी १८ मीटर आणि दुसऱ्या वेळी १४.४ मीटर अंतर आले, तर घसरण २० टक्के आहे. मातीत काम करताना १० ते १५ टक्के घसरण योग्य मानतात. ती याहून बरीच जास्त असेल तर इंधन वाया जाते आणि टायर झिजतात. घसरण जवळजवळ शून्य असेल तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड झाला आहे असे समजावे. ही दुसरी बाजू अनेकांच्या लक्षात येत नाही, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे, कारण चाक घसरते तेव्हा ते गिअरबॉक्सला वाचवत असते. पकड पक्की झाली की पूर्वी घसरणीत जिरणारा सगळा ताण गिअर, एक्सल आणि पट्ट्यावर येतो. केवळ गवत कापण्यासाठी बनवलेल्या हलक्या यंत्राचा गिअरबॉक्स नांगरणीचा ताण सोसण्यासाठी नसतो. त्याला वजने लावून नांगर ओढायला लावणे म्हणजे गिअरबॉक्स लवकर निकामी करणे होय. उत्पादकाच्या पुस्तिकेत वजनाची कमाल मर्यादा दिलेली असेल तर ती पाळावी, आणि टायरच्या बाजूवर छापलेली भारक्षमताही पाहावी.

वजनांचे प्रकार थोडकेच आहेत. सर्वांत सोयीचे म्हणजे रिमच्या खोलगट भागात बसणारे बिडाचे गोल वजन. बागेच्या ट्रॅक्टरसाठी ते बहुधा २३ किलोच्या आसपास असते. घरी बनवायचे असल्यास व्यायामाच्या वजनांच्या तबकड्या वापरता येतात किंवा साच्यात काँक्रीट ओतता येते. काँक्रीटची घनता बिडाच्या साधारण एकतृतीयांश असल्याने तेवढ्याच वजनाला तिप्पट जागा लागते, आणि ते टायरच्या बाहेर डोकावू लागले तर भिंती, झाडे आणि चालणाऱ्याचे पाय यांना धडकते. रिमवरच्या वजनाचा एक फायदा असा की ते थेट टायरमार्फत जमिनीवर उतरते, त्याचा स्थिर भार एक्सलच्या बेअरिंगवर येत नाही. चौकटीवर ठेवलेल्या वजनाचा भार मात्र बेअरिंगवरूनच जातो.

बसवण्याच्या कामात सर्वांत मोठा धोका ट्रॅक्टर निसटण्याचा असतो. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरचा ब्रेक मागच्या गिअरबॉक्सवर असतो आणि तिथून डिफरन्शियलद्वारे, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरच्या संचाद्वारे, दोन्ही चाकांना जातो; एक मागचे चाक उचलले की दुसरे ब्रेक लावूनही फिरू शकते. म्हणून ट्रॅक्टर सपाट, कठीण जमिनीवर उभा करावा, औजार खाली टेकवावे, चावी काढून घ्यावी आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत. जॅक चौकटीच्या भक्कम भागाखाली लावावा, अॅल्युमिनियमच्या गिअरबॉक्सखाली नव्हे, आणि उचलल्यावर भार जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावा.

बोल्ट बाहेरून घालता येत असतील तर चाक उचलण्याचीही गरज पडत नाही. ते आतून घालावे लागत असतील तर चाक काढावे. काही ट्रॅक्टरचे चाक चार-पाच बोल्टवर असते, तर काहींचे चाक शाफ्टवर सरकवून क्लिपने अडवलेले असते आणि खाचेत चौकोनी चावी, म्हणजे चाक आणि शाफ्ट एकत्र फिरावेत म्हणून घातलेला धातूचा छोटा तुकडा, बसवलेली असते. ती चावी पडून हरवते, म्हणून लगेच डबीत ठेवावी. चाक परत बसवताना शाफ्ट पुसून त्याला ग्रीसचा पातळ थर द्यावा.

रिमवरचा गंज आणि माती घासून काढावी, नाहीतर वजन सपाट न बसता पुढे खडखडू लागते. बोल्टची लांबी ठरवताना वजनाची जाडी, रिमचा पत्रा, वॉशर आणि नट यांची बेरीज करून दोन-तीन आटे जास्त धरावेत. त्याहून लांब बोल्ट आतल्या बाजूला चौकटीला घासू शकतो. रिमचा पत्रा पातळ असल्याने त्या बाजूला मोठा, जाड वॉशर घालावा आणि सैल न होणारा लॉकनट वापरावा. जड वजन हातांनी धरून छिद्र शोधत बसू नये: रिमच्या वरच्या छिद्रातून एक लांब आट्याची सळई बाहेर काढून ठेवावी, वजन लाकडी ठोकळ्यांवर योग्य उंचीला आणावे आणि सळईवर सरकवून जागेवर न्यावे. हवा भरण्याचा व्हॉल्व्ह मोकळा राहील अशी दिशा निवडावी. सर्व नट आधी हाताने लावून मग समोरासमोरच्या जोड्यांनी कसावेत, आणि चाक हाताने एक पूर्ण फेरी फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहावे. दुसऱ्या चाकाला तेवढेच वजन लावावे. पहिल्या अर्ध्या तासाच्या कामानंतर सर्व नट पुन्हा कसणे आवश्यक आहे.

रिमला छिद्रेच नसतील तर फक्त मधल्या सपाट भागात छिद्र पाडावे. टायर बसतो त्या कडेला पाडल्यास ट्यूबलेस टायरची हवा जाते. टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंग मात्र कधीही करू नये. उष्णतेने टायरमध्ये दाब वाढून तो फुटतो, आणि तो स्फोट जीवघेणा असतो.

टायरमध्ये द्रव भरणे हा दुसरा मार्ग आहे. व्हॉल्व्ह सर्वांत वर आणून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण ७५ टक्के, द्रव भरतात आणि उरलेल्या जागेत हवा. पाणी स्वस्त असले तरी थंडीत गोठते. कॅल्शियम क्लोराईडचे दाट द्रावण लिटरला १.३ किलोपर्यंत भरते आणि सहज गोठत नाही, पण रिम गंजवते आणि गळल्यास गवत जाळते, म्हणून ते ट्यूबशिवाय भरू नये. इथिलीन ग्लायकोल असलेले कूलंट विषारी असून चवीला गोड असते, त्यामुळे जनावरांजवळ ते नकोच. पंक्चर काढताना या सगळ्याचा जो पसारा होतो तो पाहता, वजने काढ-घाल करायची असतील तर बिडाचेच वजन बरे.

मागे जड औजार असेल तर ट्रॅक्टरचा पुढचा भाग हलका होऊन सुकाणू ढिले पडते, आणि ते मागच्या चाकांची वजने दुरुस्त करत नाहीत. तिथे पुढच्या बाजूला वजन हवे. मात्र पुढच्या एक्सलच्याही पुढे टांगलेले वजन तरफेसारखे मागच्या चाकांवरचा थोडा भार उचलून घेते, त्यामुळे पुढची चाके जमिनीला नीट टेकून सुकाणू काम करेल इतकेच लावावे. उतारावर जड ट्रॅक्टर थांबायला जास्त अंतर घेतो, म्हणून वेग आधीच कमी ठेवावा. ओढण्याचे काम संपल्यावर गवत कापण्याआधी वजने उतरवावीत, विशेषतः जमीन ओली असेल तेव्हा, कारण त्या वजनाने माती दबते आणि हिरवळीत चाकोऱ्या पडतात.