एफवायला मायक्रो घेतलंय? मग आधी हात जांभळे होऊ द्या

मायक्रोबायोलॉजीला येणारी बरीच मुलं 'नीट'ला मार्क कमी पडले म्हणून आलेली असतात. मीही त्यातलीच. आता एका औषध कंपनीच्या मायक्रो लॅबमध्ये आहे. ॲडमिशनच्या दिवसांत ओळखीपाळखीतून कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, एफवायला काय वाचू?" वाचायचं ते वाचा, पण पहिल्या वर्षी मायक्रोस्कोप आणि स्टेनिंग रॅकपाशी (जिथे स्लाइडवरच्या जीवाणूंना रंग देतात) मिळेल तितका वेळ काढा. थिअरी नंतर भरून काढता येते. हाताला वळण लावायला टीवायला सवड नसते, तेव्हा प्रोजेक्ट आणि पुढच्या प्रवेश परीक्षा मानगुटीवर बसलेल्या असतात.

पहिलं युनिट इतिहासाचं. मुलं ते सनावळीसारखं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. त्यापेक्षा प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहा: या माणसाच्या हातात असं कुठलं साधन होतं, जे आधीच्यांकडे नव्हतं?

लेव्हेनहूक घ्या. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी, विद्यापीठाचं तोंडही न पाहिलेला. रॉबर्ट हूकने 1665 मध्येच बुरशीची चित्रं छापली होती आणि त्याच्याकडे अनेक भिंगांचा मायक्रोस्कोप होता. पण त्या काळी जितकी भिंगं जास्त तितकी प्रतिमा धूसर. लेव्हेनहूकने स्वतः घासलेलं एकच चिमुकलं भिंग धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये बसवलं. त्याची जी भिंगं आज शिल्लक आहेत, त्यांतलं सर्वांत चांगलं सुमारे 270 पट मोठं दाखवतं. त्यातून पाण्यात दिसलेल्या जिवांबद्दल त्याने 1676 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. तिथे सहजासहजी कुणाचा विश्वास बसेना. पुढच्या वर्षी हूकनेच ते जीव दाखवून खातरजमा करून दिली. 1683 मध्ये लेव्हेनहूकने स्वतःच्या दातांवरचं किटण पाहिलं. हे तुम्हीही करून बघा. टूथपिकने थोडं किटण काढा, स्मिअर करा (स्लाइडवर पातळ पसरा), मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग घाला. गोल, दांडीसारखे, नागमोडी असे सगळे आकार एकाच स्लाइडवर मिळतात आणि कल्चर (लॅबमध्ये वाढवलेले जीवाणू) मागायला कुणाकडे जावं लागत नाही.

त्यानंतर दीडशेहून जास्त वर्षं हा विषय जवळजवळ जागच्या जागी राहिला. जीव दिसत होते, पण वेगळे काढता येत नव्हते. पाश्चरचा बगळ्याच्या मानेसारखा फ्लास्क व्हायवात हमखास येतो, म्हणून तो नीट समजून घ्या: हवा आत जाते, धूळ वाकलेल्या नळीत अडकते, सूप नासत नाही, मान मोडली की नासतं. खरी गाडी सुटली ती रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरच्या प्रयोगशाळेत. आधी बटाट्याच्या कापावर, मग जिलेटिनवर जीवाणू वाढवायचे प्रयत्न झाले. जिलेटिन 37 अंशांना वितळायचं, काही जीवाणू तर ते खाऊनच पातळ करायचे. 1881 मध्ये फॅनी हेसे या बाईंनी आगर सुचवलं, कारण त्यांच्या स्वयंपाकघरात जेली घट्ट करायला तेच वापरत. म्हणजे आपलं चायना ग्रास. ते वितळायला उकळीच्या जवळपास तापमान लागतं, पण एकदा वितळलं की साधारण 40 अंशांपर्यंत खाली येईतो गोठत नाही. प्लेट ओतताना आगर 45-50 अंशांवर धरायला सांगतात ते म्हणूनच. 1887 मध्ये कॉखचा सहायक पेट्री याने झाकणाची बशी दिली आणि आजची लॅब उभी राहिली. हेसेबाईंचं नाव बहुतेक नोट्समध्ये एका ओळीत उरकतात, ते मला पटत नाही.

आता मायक्रोस्कोप. पहिल्या दिवशी सगळ्यांना थेट 100एक्स (शंभर पटीची लेन्स) लावायची घाई असते. तसं करू नका. 10एक्सवर स्मिअरची कड शोधा. रंगाची कड दिसली म्हणजे तुम्ही योग्य पातळीवर आहात. मग 40एक्स, मग लेन्स बाजूला करून तेलाचा थेंब आणि 100एक्स. इथून पुढे फक्त फाइन ॲडजस्टमेंट (बारीक फोकसची चकती). कंडेन्सर (स्लाइडखालचं, उजेड एकवटणारं भिंग) वर, डायफ्राम (उजेडाची झडप) उघडा. तेल कशाला, तर काच आणि तेल यांचा अपवर्तनांक जवळपास सारखा, सुमारे 1.5, म्हणून मधल्या हवेत प्रकाश वाकून वाया जात नाही. आबे या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने 1878 मध्ये त्साइस कंपनीसाठी हे गणित बसवलं. तरीही साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला 0.2 मायक्रोमीटरच्या खालचं वेगळं दाखवता येत नाही, मग मोठं कितीही करा. ई. कोलाय हा आतड्यातला जीवाणू साधारण 2 मायक्रोमीटर लांब, म्हणजे तुमचं काम त्या मर्यादेच्या थोडं वरच चाललेलं असतं.

तेल लावल्यावर पुन्हा 40एक्स फिरवू नका, ती लेन्स तेलात बुडते आणि पुढच्या बॅचला सगळं धुकट दिसतं. पुसायला लेन्स पेपर, ॲप्रनचं टोक नाही. आणि एक युक्ती: काळा ठिपका दिसला की आयपीस (डोळ्याकडची लेन्स) हाताने फिरवा. ठिपकाही फिरला तर ती आयपीसवरची धूळ. त्याचं चित्र काढून जर्नलमध्ये 'कॉकाय' (गोल जीवाणू) लिहिणारे दरवर्षी निघतात.

हँगिंग ड्रॉपला (लोंबत्या थेंबात जिवंत जीवाणूंची हालचाल बघायची पद्धत) मात्र उलटं. तिथे रंग नसतो, म्हणून डायफ्राम जरा मिटा, कंडेन्सर खाली घ्या, नाहीतर भगभगीत उजेडात काहीच दिसणार नाही. थेंबाची कड पकडा. जागच्या जागी थरथरणं ही ब्राउनियन हालचाल, म्हणजे पाण्याच्या रेणूंचे धक्के. एखादी पेशी दुसऱ्यांना मागे टाकून सरळ गेली, तरच ती मोटाइल, म्हणजे स्वतःहून हलणारी.

ग्रॅम स्टेनिंग हा सगळ्याचा गाभा. हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने ते 1884 मध्ये बर्लिनमधून प्रसिद्ध केलं. जीवाणूंचे दोन गट (जांभळे राहणारे ग्रॅम पॉझिटिव्ह, तो रंग सोडून गुलाबी होणारे ग्रॅम निगेटिव्ह) पाडायचे असं त्याच्या डोक्यात नव्हतंच. न्यूमोनियाने मेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसात जीवाणू ठळक दिसावेत, एवढाच हेतू होता. काही जीवाणूंचा रंग धुऊन जातो हे त्याला दिसलं होतं आणि पद्धतीत उणिवा आहेत हेही त्याने मोकळेपणाने लिहिलं. आजचं गुलाबी सफ्रानिन नंतरची भर आहे.

क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा रंग) एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, 95 टक्के अल्कोहोल काही सेकंद, सफ्रानिन अर्धा ते एक मिनिट. पाठ व्हायला दोन मिनिटं लागतात, पण सगळा खेळ अल्कोहोलच्या त्या काही सेकंदांत असतो. स्लाइड तिरकी धरा, थेंब थेंब सोडा आणि खाली ओघळणाऱ्या थेंबाकडे बघत राहा. जांभळा ओघळ फिका पडून जवळजवळ पांढरा झाला, की तत्क्षणी पाणी. जास्त धुतलं तर पॉझिटिव्हही गुलाबी होतात, कमी धुतलं तर निगेटिव्हही जांभळे राहतात. जाड स्मिअरमध्ये हे हमखास बिघडतं, म्हणून लूपवर (तारेच्या कडीवर) अगदी कणभर कल्चर घ्या. वाळलेल्या स्मिअरखालचं छापील अक्षर वाचता आलं पाहिजे. कल्चर 18 ते 24 तासांचं घ्या. जुन्या कल्चरमधल्या पॉझिटिव्ह पेशींची भिंत ढिली पडते आणि त्या निगेटिव्ह असल्याचं सोंग आणतात. शक्य असेल तेव्हा अनोळखी जीवाणूच्या शेजारी त्याच स्लाइडवर स्टॅफ (पॉझिटिव्ह) आणि ई. कोलाय (निगेटिव्ह) यांचा एकेक ठिपका ठेवा. ते दोघं बरोबर आले तरच मधल्यावर विश्वास ठेवा.

झील-नील्सन ही टीबीच्या जंतूसाठीची स्टेनिंग पद्धत तुम्हाला पुढे येईल. टीबीच्या जंतूच्या भिंतीत मेणासारखं मायकोलिक ॲसिड असतं, म्हणून तिथे रंग गरम करून आत घालावा लागतो आणि एकदा बसला की आम्लानेही निघत नाही, एवढं सध्या पुरे.

जमल्यास मुंबईच्या 1896 च्या प्लेगबद्दल जरूर वाचा. हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. प्लेगचे जंतू वाढवायला तो सुपावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचा. त्या थेंबांपासून वाढ खाली लोंबत यायची. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्याच्याच नावाची. मीडिया (जीवाणू वाढवायचं खाद्य) म्हणजे फक्त डब्यातली पावडर नव्हे, हे यातून जितकं कळतं तितकं कुठल्या व्याख्येतून कळत नाही.

नोकरीचं म्हणाल, तर औषध कंपन्या, डेअरी, पाणी तपासणीच्या लॅब, पॅथॉलॉजी असे रस्ते आहेत. पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) यांसारख्या संशोधन संस्थाही आहेत, पण तिकडे एमएस्सीशिवाय फारसं हाती लागत नाही. आमच्याकडे फ्रेशर्सना हटकून विचारतात: अल्कोहोलची पायरी राहिली तर काय दिसेल? (सगळंच जांभळं.) आयोडीन राहिलं तर? (व्हायोलेट घट्ट धरलं जात नाही, म्हणून पॉझिटिव्हही धुऊन निघून गुलाबी दिसू शकतात.) ज्याने हाताने केलंय तो क्षणात सांगतो. गाइड पाठ केलेला छताकडे बघतो.

स्वतःचा मायक्रोस्कोप घ्यायच्या भानगडीत पडू नका. स्वस्तातल्या खेळण्यांवर ऑइल इमर्शन चालत नाही. त्यापेक्षा लॅब असिस्टंट काकांशी गोडीगुलाबीने राहा. प्रॅक्टिकल संपल्यावर अर्धा तास रॅक आणि उरलेलं कल्चर त्यांच्याच मर्जीने मिळतं. फक्त जाताना स्लाइड्स डिसइन्फेक्टंटच्या भांड्यात टाका आणि लेन्स पुसून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशीही ते नाही म्हणणार नाहीत.