स्टिक आपोआप सरकते? कंट्रोलर फेकू नका

परीक्षा संपल्या की माझ्या टेबलावर गेमच्या कंट्रोलरची रांग लागते. तक्रार ठरलेली: "काका, हात लावला नाही तरी प्लेअर डावीकडे चालत सुटतो." पोरं याला ड्रिफ्ट म्हणतात. माझी उमेदीची वर्षं टीव्ही, ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे पहिला कंट्रोलर उघडला तेव्हा हसूच आलं. जुन्या रेडिओचा व्हॉल्यूम फिरवताना खरखर यायची ना, तोच आजार.

अंगठ्याने हलवायच्या स्टिकखाली पत्र्याची एक डबी असते. तिच्या दोन बाजूंना, काटकोनात, दोन पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवलं की रोध बदलणारे भाग; आम्ही नुसतं 'पोट' म्हणतो. आत कार्बनचा काळा पट्टा आणि त्यावर घासत फिरणारी धातूची बारीक जीभ. स्टिक मधोमध असली की निम्मं व्होल्टेज मिळतं आणि प्लेअर उभा राहतो. पण जीभ सगळ्यात जास्त घासते तीही मध्यावरच. तिथला कार्बन झिजतो, पूड साचते आणि मध्य हलतो.

उघडण्याआधी गेमच्या सेटिंगमध्ये डेडझोन, म्हणजे मध्याजवळची जेवढी हालचाल गेम मोजतच नाही तो भाग, थोडा वाढवून बघा. ड्रिफ्ट किरकोळ असेल तर एवढ्यावर भागतं. फार वाढवलात तर मात्र बारीक नेम लागत नाही.

उघडायचंच असेल तर आधी स्क्रू ओळखा. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला साधे फिलिप्स चालतात. एक्सबॉक्सचे स्क्रू मधे टोक असलेले, चांदणीच्या खाचेचे टी-८ असतात, त्यांना मधे भोक असलेला पेचकस लागतो, आणि एक स्क्रू बॅटरीच्या खाचेत स्टिकरखाली दडलेला असतो. तो न काढता कव्हर ओढणारे बरेच भेटलेत. दोन्ही भाग हळू वेगळे करा, मधे रिबन, म्हणजे पातळ चपटी वायर, असू शकते. माझ्या पहिल्याच कंट्रोलरची मी फाडली होती आणि गिऱ्हाइकाला भरून दिली. बॅटरी आतली असेल तर तिचा कनेक्टर सर्वांत आधी काढा.

आता दोषी पोट शोधा. स्टिक डावी-उजवी हलवा आणि कोणत्या बाजूची चकती फिरते ते पाहा. ती बहुतेक डबीच्या वरच्या किंवा खालच्या अंगाला असते, डाव्या-उजव्या नाही. इथे पुष्कळ जण चुकीची बाजू उघडतात. मी काट्याचा जुना मल्टिमीटर लावतो: एक टोक मधल्या पायाला, दुसरं कडेच्या. पोट साधारण १० किलोओहमचा असतो, पण बोर्डावर मोजताना आकडा इकडेतिकडे होतो. आकडा सोडा, काट्याची चाल पाहा. स्टिक सावकाश हलवताना काटा संथ सरकला तर ठीक, मध्याजवळ दचकला तर पट्टा खराब. हे डिजिटल मीटरवर तितकं कळत नाही.

पोटाचं झाकण पातळ चिमट्याने अलगद उचकटा. इअरबडला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्टा आणि जीभ पुसा. घासू नका, नाहीतर उरलासुरला कार्बनही निघेल. जीभ वाकवून दाब वाढवायची युक्ती सांगतात, मी करत नाही. पट्टा दुप्पट वेगाने झिजतो असा माझा अनुभव. आणि दाराच्या बिजागरीला मारायचा तेलकट स्प्रे आत मारू नका. चार दिवस बरं वाटतं, मग त्यात धूळ बसते.

पट्ट्याला खळगाच पडला असेल तर अख्खी डबी बदला. ती बोर्डाला सोल्डरच्या चौदा टाक्यांनी जोडलेली असते: दोन पोटांचे सहा, स्टिक दाबल्यावर चालणाऱ्या बटणाचे चार, पत्र्याचे चार. पत्र्याचे टाके उष्णता पिऊन घेतात, म्हणून सगळ्या टाक्यांवर आधी थोडं शिशाचं सोल्डर चढवा. कंपनीचं शिसंविरहित सोल्डर त्यात मिसळून लवकर वितळतं. मग सोल्डर ओढायच्या पंपाने ते ओढून घ्या. डबी हलत नसेल तर जोर लावू नका, एखादा टाका अजून धरून आहे. ओढलीत तर बोर्डावरची तांब्याची वाट उखडते, आणि ते काम रात्र खातं.

नवी टाकायचीच तर चुंबकाची, हॉल सेन्सरची टाका. काही घासत नाही, त्यामुळे झिजायला पट्टाच नाही. सेगा कंपनीने १९९८ च्या ड्रीमकास्ट या गेम कन्सोलच्या कंट्रोलरमध्येच हे केलं होतं! फक्त तुमच्या मॉडेलला बसणारी घ्या, आणि बसवल्यावर मध्य कॅलिब्रेट करा, म्हणजे नवा मध्य कुठे आहे ते कंट्रोलरला नोंदवून द्या. केला नाहीत तर प्लेअर नव्या स्टिकवरही चालत सुटेल.

स्क्रू सगळे आवळण्याआधी एकदा गेम लावून बघा. मी दोनच लावतो, पोराला दहा मिनिटं खेळू देतो, मग बाकीचे.