इंदूरच्या हॉटेलात रात्रीचा गोंगाट: कुणाला, केव्हा आणि काय सांगायचं

इंदूरच्या हॉटेलात झोप बहुधा दोनदा मोडते. बारा-साडेबाराला सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस खाऊन मंडळी परततात आणि कॉरिडॉरमध्येच गप्पा मारत उभी राहतात. मग दीड-दोनला उज्जैनच्या महाकाल मंदिरातल्या भस्म आरतीला निघालेले गट उठतात, कारण आरती पहाटे 4 च्या सुमाराची आणि उज्जैन इथून 55 किलोमीटरच्या आसपास. सरवटे बसस्थानक, रेल्वे स्टेशन, छोटी ग्वालटोली या भागातल्या लॉजमध्ये तर हे रोजचंच. लग्नसराईत भर पडते ती वरातीची आणि बँक्वेट हॉलमधल्या डीजेची.

म्हणून अर्धं काम बुकिंगनंतर एका फोनवर होतं. ॲपमध्ये ‘शांत रूम हवी’ असं टाइप करून काही साधत नाही. ते कुणी वाचत नाही, आणि वाचलं तरी कुठली रूम शांत हे ठरवणार कोण? आदल्या दिवशी थेट हॉटेलला फोन लावा आणि नेमकं सांगा: लिफ्ट आणि जिन्याजवळची नको, हॉलच्या लगेच वरची नको, जनरेटरच्या बाजूची नको, शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असलेली तर अजिबात नको. असं दार कुलूपबंद असलं तरी पातळ असतं आणि त्याच्या फटीतून शेजारचं बोलणं शब्दन्‌शब्द ऐकू येतं. त्या रात्री हॉलमध्ये किंवा लॉनवर फंक्शन आहे का, तेही विचारा. अनंत चतुर्दशीला झाँक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, रात्रभर निघतात. त्या रात्री राजवाड्याच्या परिसरात रस्त्याकडची रूम घेणाऱ्याने झोपेची आशा सोडावी.

रजिस्टरवर सही करण्याआधी रूम बघा. दार लावून आत मिनिटभर उभं राहा, दाराखालची फट पाहा, आणि इंटरकॉम उचलून रिसेप्शन लागतं का ते तपासा. बंद इंटरकॉम ही गलथान कारभाराची सर्वांत पक्की खूण. तो बंद असेल तर काउंटरचा मोबाइल नंबर घ्या आणि रात्रपाळीला कोण असतं त्याचं नाव विचारून ठेवा.

गोंगाट सुरू झाला की आधी तो कसला आहे ते ओळखा. वरच्या मजल्यावर खुर्च्या ओढल्याचा, शेजारच्या टीव्हीचा किंवा कॉरिडॉरमधल्या पोरांचा असेल तर सांगून थांबतो. जनरेटर, पाण्याची मोटर किंवा लिफ्टच्या यंत्राचा असेल तर तो कुणी बंद करणार नाही; तिथे वाद न घालता सरळ रूम बदलून मागा. नुसता कॉरिडॉरचा आवाज असेल तर जाड टॉवेलची गुंडाळी दाराखाली दाबून बसवली की बराच फरक पडतो. फोमचे इअरप्लग पुष्कळांना ‘चालत नाहीत’, कारण ते तसेच कानात कोंबले जातात. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत 20-30 सेकंद धरून ठेवायचे.

शेजाऱ्यांचं दार स्वतः ठोठावू नका. आत दारू चालू असेल तर आवाजाचं प्रकरण हाणामारीवर जातं. रिसेप्शनला फोन करून रूम नंबर, वेळ आणि आवाजाचा प्रकार सांगा. लगेच तेच दोन ओळींत व्हॉट्सॲपवर पाठवा. सकाळी हाच एक पुरावा हाताशी असतो. 15 मिनिटांत फरक पडला नाही तर स्वतः खाली जा.

रात्री काउंटरवर बहुतेक एकटा पोरगा असतो. त्याच्याकडे किल्ल्या असतात, पण पैसे परत करायचा अधिकार नसतो. त्याच्याकडे रिफंड मागाल तर तो फक्त ‘सुबह सर आएँगे’ म्हणेल. त्याऐवजी म्हणा: ‘भैया, दूसरा रूम दिखा दो, सामान हम खुद शिफ्ट कर लेंगे.’ त्याचं काम वाचतं, म्हणून हे बहुतेकदा जमतं. हलण्याआधी नव्या रूमचा एसी, पाणी, चादर बघा आणि जादा भाडं नाही हे मेसेजवर लिहून घ्या. रूमच शिल्लक नसेल आणि शेजारी दोघांच्या खोलीत आठजण बसलेले दिसत असतील, तर रजिस्टरमध्ये तिथे कितीजणांची नोंद आहे एवढंच शांतपणे विचारा. नोंद नसलेले पाहुणे पोलिसांच्या तपासणीत हॉटेलच्याच अंगाशी येतात, त्यामुळे या प्रश्नाने सुस्त मॅनेजरही जागा होतो.

व्हिडिओ आपल्याच रूममध्ये, दार लावून, 30-40 सेकंदांचा काढा. वेळ आणि रूम नंबर बोलून ठेवा. लोकांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नका. फोनवरचं डेसिबल ॲप अंदाजापुरतंच.

डीजेचं वेगळं. 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद; सवलत बंदिस्त हॉलला आहे, लॉनला किंवा गच्चीला नाही. राज्य सरकार काही सणांच्या दिवशी 12 पर्यंत मुभा देऊ शकतं. रात्रीची मर्यादा निवासी भागात 45 डेसिबल, व्यापारी भागात 55. उघड्यावरचा डीजे 10 नंतर चालू असेल आणि मॅनेजर हात वर करत असेल तर पोलिसांचा आपत्कालीन नंबर 112 लावा. हॉटेलचं नाव, जवळची खूण आणि ‘लॉनवर लाउडस्पीकर’ हे शब्द सांगा. कुणी धमकावलं तरीही 112 च.

पैशांचं बोलणं सकाळी, बिल चुकतं करण्याआधी. ‘काहीतरी कमी करा’ नको. आकडा सांगा, उदाहरणार्थ त्या रात्रीचं अर्धं भाडं. ॲपवर आधीच पैसे भरले असतील तर तक्रार रात्रीच ॲपमध्ये टाका. चेकआउटनंतर टाकली की ॲप हॉटेलला विचारतं, आणि हॉटेल सांगतं की गेस्टने काही कळवलंच नव्हतं. ‘बिल नका घेऊ, कमी लावतो’ या आमिषाला भुलू नका. बिलाशिवाय पुढे काहीच सिद्ध होत नाही.

तरीही नाकारलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग: मुदत 2 वर्षं, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि 2019 च्या कायद्यामुळे पुण्या-नाशिकच्या माणसाला इंदूरला खेपा घालायला नकोत, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मात्र नुसत्या एका रात्रीच्या शेजारच्या गलक्यासाठी ही वाट धरण्यात अर्थ नाही. कबूल केलेली एसी रूम दिलीच नाही किंवा लेखी तक्रारी देऊनही कुणी हललं नाही, अशा वेळी धरावी.

रिव्ह्यूची धमकी काउंटरवर देऊ नका, तिथून बोलणीच तुटतात. घरी पोचल्यावर लिहा: तारीख, मजला, कितीला फोन केला, कितीला कोण आलं.