छोट्या गाडीत बाळाची कार सीट: बसवायची कशी आणि कुठली घ्यायची

दोन पोरं, एक छोटी हॅचबॅक आणि मित्रमैत्रिणींच्या गाड्यांमध्ये बसवून दिलेल्या कितीतरी सीट, एवढ्यावरून लिहितेय. "महागातली घ्या, काळजी मिटली" हा सल्ला सगळे देतात आणि तो चुकीचा आहे. तुमच्या गाडीत घट्ट बसते ती सीट चांगली, मग किंमत काहीही असो.

घेताना मागचं नारिंगी लेबल बघा, त्यावर आर44/04 किंवा आर129 (मुलांच्या सीटची आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकं) असलं पाहिजे. बाळाचं वजन आणि उंची आजची बघा, "दोन वर्षांनी पण चालेल" म्हणून मोठी घेऊ नका. आर129 मध्ये निदान 15 महिन्यांपर्यंत बाळाचं तोंड मागच्या काचेकडेच हवं, आणि माझं म्हणणं, सीटमध्ये मावतंय तोवर तसंच ठेवा. पाय दुमडतात म्हणून घाईने सीट फिरवू नका, पाय दुमडून बसायला पोरांना काही वाटत नाही, मान मात्र नाजूक असते. सेकंडहँड सीट ओळखीतली असेल आणि कधी अपघातात सापडलेली नाही याची खात्री असेल तरच घ्या.

दुकानात जाताना गाडी घेऊन जा. उलटी सीट, म्हणजे बाळाचं तोंड मागे असलेली, खूप जागा खाते, पुढच्या सीटवर उंच माणूस बसणार असेल तर गुडघे डॅशबोर्डला लागतात, हे तिथेच कळलेलं बरं.

जागा: मागची डावी बाजू, म्हणजे बाळाला फुटपाथच्या बाजूने उतरवता येतं. मधल्या सीटला फक्त कमरेचा बेल्ट असेल तर तिथे नको. आणि पुढे एअरबॅग चालू असताना उलटी सीट कधीच नाही, पाच मिनिटांसाठी पण नाही, कारण एअरबॅग उघडली की सीटच्या पाठीवर म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

गाडीत आयसोफिक्स, म्हणजे बेल्टशिवाय सीट अडकवायच्या लोखंडी कड्या, असेल तर दोन्ही कड्यांत क्लिक होऊन हिरवी खूण दिसेपर्यंत ढकला. सीटला खाली पाय असेल आणि गाडीच्या तळाला झाकणाचा कप्पा असेल तर मॅन्युअल वाचा, पोकळ झाकणावर तो पाय टेकवायचा नसतो.

आता बेल्ट. आयसोफिक्स नसलेल्या गाडीत सगळी गोची इथेच होते आणि मीही इथेच फसले होते. थोरल्याच्या वेळी दुकानातल्या माणसाने सीट बसवून दिली, हलवून दाखवली, मी खूश. साताऱ्याला निघालो, खंबाटकीच्या वळणांवर मागे बघते तर सीट एका बाजूला कललेली आणि लेकराचं डोकं दाराकडे झुकलेलं. घाट संपल्यावर गाडी थांबवली, बघितलं तर बेल्ट बकलमध्ये होता पण ढिला. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा बेल्ट फक्त झटका बसला की लॉक होतो, एरवी हळू ओढला तर सुटत येतो. म्हणून बऱ्याच सीटला बेल्ट पकडून ठेवणारा एक चिमटा असतो, लॉक-ऑफ, आणि तो त्या माणसाने लावलाच नव्हता.

तेव्हापासून मी असं करते. उलट्या सीटला निळ्या खुणांमधून, सरळ सीटला लाल खुणांमधून बेल्ट घालायचा, कुठेही पीळ नको. बकल लावायचं. मग एका हाताने पूर्ण वजन टाकून सीट दाबायची, सरळ सीट असेल तर चक्क गुडघा टेकवायचा, आणि दुसऱ्या हाताने आधी कमरेचा पट्टा बकलकडून वर ओढायचा, मग खांद्याचा, थोडा थोडा, तीन-चार वेळा. ओढलेला ताण सोडायच्या आत चिमटा बंद करायचा, नाहीतर सगळी मेहनत वाया. बकलचं डोकं सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर आडवं पडत असेल तर ती सीट त्या गाडीसाठी नाही, मला असं दिसलं की मी सीट परत करायला सांगते. बेल्टच अपुरा पडत असेल तरी तेच, छोट्या गाड्यांत उलट्या सीटला हे बऱ्याचदा होतं.

मग तपासा, पण जिथून बेल्ट जातो तिथेच धरून. एक इंचापेक्षा जास्त हलली तर परत सुरुवातीपासून. उलट्या सीटचा वरचा भाग थोडा हलतोच, ते बघून घाबरू नका. तान्ह्या बाळाची हनुवटी छातीवर टेकत असेल तर श्वास अडतो, कोन सुधारा, मॅन्युअलमध्ये चालेल म्हटलं असेल तर पंच्याची वळकटी खाली घाला.

हार्नेसचे, म्हणजे बाळाला सीटमध्ये बांधायचे, पट्टे उलट्या सीटला खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खाली, सरळ सीटला पातळीला किंवा किंचित वर. खांद्याच्या हाडाजवळ पट्टा चिमटीत धरता आला तर ढिला आहे. जाड स्वेटर काढून बसवा, थंडी असेल तर वरून शाल घाला. उन्हात उभी असलेली गाडी असेल तर बकलचं लोखंड आधी हाताने बघा, चटका बसतो.

राहिला आजीचा प्रश्न, "मी धरते की मांडीवर." वाद घालू नका, हिशोब सांगा: ताशी 50 च्या वेगातली गाडी अर्ध्या मीटरात थांबली तर 10 किलोचं पोर क्षणभर 200 किलोच्या जोराने पुढे जातं. आमच्या सासूबाईंनी हे ऐकल्यावर स्वतःच बकल लावायला शिकून घेतलं, आता धाकटीला गाडीत त्याच बसवतात आणि पट्टा चिमटीत धरून बघितल्याशिवाय दार लावत नाहीत.