जुनी गाडी सरळ धरत नाही? अलाइनमेंटच्या आधी हे तपासा

गाडी सरळ धरत नाही म्हटलं की समोरचा माणूस विचार न करता सांगतो, 'अलाइनमेंट करून घ्या.' नवी गाडी खड्ड्यात आपटली असेल तर ठीक आहे. बरीच वर्षं चाललेल्या गाडीला मात्र हा सल्ला लागू पडत नाही. अलाइनमेंटमध्ये चाकांचे कोन गाडी उभी असताना मोजतात. टाय रॉड एंडमध्ये (स्टीअरिंगची दांडी चाकाशी जोडणारा सांधा) किंवा बॉल जॉइंटमध्ये (आर्म आणि चाकाची बाजू यांच्यामधला गोळी-वाटीचा सांधा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर उभ्या गाडीत मोजलेला कोन पळत्या गाडीत टिकतच नाही. वेगात एक असतो, ब्रेक मारला की दुसरा होतो. यंत्रावर सगळे आकडे हिरवे आणि रस्त्यावर गाडी होती तशीच. आधी झिजलेला भाग शोधा, तो बदला आणि मग अलाइनमेंटला जा. उलट क्रमाने गेलात तर भाग बदलल्यावर ती पुन्हा करावीच लागते.

तक्रार नेमकी कोणती?

गाडी नेहमी एकाच बाजूला जात असेल तर ते ओढणं. त्यामागे टायर, अडकलेला ब्रेक किंवा दोन बाजूंच्या कोनांतला फरक असतो. ठराविक वेगाला स्टीअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग बघा. भरकटणं वेगळं. सरळ रस्त्यावर गाडी कधी डावीकडे सरकते, कधी उजवीकडे, आणि तुम्ही सतत बारीक बारीक सावरत राहता. हा लेख त्याबद्दल आहे.

भरकटण्यातही एक उपप्रकार आहे, तो ओळखता आला तर बरीच शोधाशोध वाचते. स्टीअरिंग जरासं डावीकडे वळवून सोडलं की गाडी डावीकडेच जात राहते, उजवीकडे वळवलं की उजवीकडे. इथे ढिलं काही नसतं, काहीतरी आखडलेलं असतं. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला खांब) वरचं बेअरिंग, गंजलेला बॉल जॉइंट किंवा स्टीअरिंग कॉलमचा (स्टीअरिंगपासून खाली जाणारा दांडा) खालचा क्रॉस जॉइंट. अशा गाडीत तासभर प्ले शोधत बसलात तरी काही सापडणार नाही.

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत आणखी एक गोष्ट करून बघा. मोकळ्या रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबा, सोडा, मग हलका ब्रेक लावा. प्रत्येक वेळी गाडीचं तोंड किंचित बदलत असेल तर लोअर आर्मच्या (चाकाची बाजू गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा हात) मागच्या बुशवर, म्हणजे रबरी गादीवर, माझा पहिला संशय असतो.

टायर

हवा टायर थंड असताना मोजा. मग ट्रेडवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, बिघडलेला आहे. घेरावर खळगे पडले असतील तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग. पुढच्या दोन टायरांची जात वेगवेगळी असेल तर बाकी काही तपासण्याआधी ते सारखे करा.

चाकं जमिनीवर, स्टीअरिंग हलवत

ही तपासणी चाकांवर वजन असतानाच करायची. खड्डा असेल तर उत्तम, नसेल तर रॅम्पवर गाडी चढवा. जॅकवर टेकलेल्या गाडीखाली शिरू नका, एवढं एकदाच सांगतो. सोबत्याला आत बसवा, पॉवर स्टीअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा आणि स्टीअरिंग भराभर डावी-उजवीकडे अगदी थोडं हलवायला सांगा. पूर्ण फिरवायचं नाही. हाताला विरोध जाणवला की परत.

तुम्ही खालून एकेक सांधा पकडा. बोट असं ठेवा की अर्धं सांध्याच्या एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर येईल. डोळा इथे फसवतो, बोट फसवत नाही. क्रम वरून खाली: कॉलमचा क्रॉस जॉइंट, मग रॅकचं (स्टीअरिंगचं फिरणं आडव्या सरकण्यात बदलणारी दातेरी पट्टी) घर स्वतःच्या रबरी बुशवर आडवं सरकतंय का ते, मग रॅक एंड, मग टाय रॉड एंड. रॅक एंड रबरी भात्याच्या आत लपलेला असतो, भाता बाहेरून दाबून आतला सांधा चिमटीत धरा. टाय रॉड स्वतःभोवती थोडा फिरतो, तो प्ले नव्हे. गोळी आणि वाटीचा सांधा असतो, फिरणारच. आतबाहेर किंवा वरखाली टकटक झाली तरच तो गेला.

जुन्या धाटणीच्या, रॅक नसलेल्या गाड्यांत स्टीअरिंग बॉक्स असतो आणि त्याच्यावर एक अ‍ॅडजस्टिंग स्क्रू. गाडी भरकटते म्हटलं की कुणीतरी तो आवळायला निघतोच. बाकीचे सगळे सांधे पक्के असल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नका. जास्त आवळला तर स्टीअरिंग मध्यावर जड होतं, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही आणि भरकटणं वाढतं. शिवाय आतले दाते झिजतात ते वेगळंच.

बॉल जॉइंट: इथे घाई नको

माझी सर्वांत जास्त दमछाक याच टप्प्यावर झाली आहे, आणि सर्वांत जास्त चुकीचे निदानही इथेच होतात. सर्वत्र एकच कृती सांगतात: चाक उचला, वरखाली धरून हलवा, हललं तर बॉल जॉइंट बदला. ही कृती अर्धीच आहे. जॅक कुठे लावायचा हे त्यात कुणी सांगत नाही, आणि सगळं त्यावरच ठरतं.

कारण असं. ज्या जॉइंटवरून स्प्रिंगचा जोर जातो, त्याची गोळी त्या जोराने वाटीत दाबून बसलेली असते. जॉइंट पार झिजलेला असला तरी तो दाब आहे तोवर हातांनी हलवून तो हलणार नाही. म्हणून आधी स्प्रिंग कुठे टेकली आहे ते बघा. जॉइंटवरचा जोर काढून मगच हलवायचं.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत मॅकफर्सन स्ट्रट असतो. स्प्रिंग स्ट्रटवरच असते, त्यामुळे गाडीचं वजन वरच्या माउंटमधून स्ट्रटमध्ये आणि तिथून सरळ चाकाकडे उतरतं. खालच्या बॉल जॉइंटवर स्प्रिंगचा जोर येतच नाही, तो फक्त चाकाचा खालचा भाग जागेवर धरतो. या गाडीत जॅक बॉडीच्या ठरलेल्या जागी किंवा सबफ्रेमला (बॉडीखालची लोखंडी चौकट) लावा, स्टँड द्या आणि चाक लोंबकळू द्या. लोअर आर्मखाली जॅक नको.

इथे एक खोच आहे. एकच बाजू उचललीत तर दुसरी बाजू जमिनीवर राहते, दोन्ही बाजूंना जोडणारा मधला स्टॅबिलायझर बार पिळला जातो आणि लोंबकळणाऱ्या बाजूच्या जॉइंटवर जोर देतो. पुन्हा तोच दाब, पुन्हा तेच खोटं 'ठीक आहे'. पुढची दोन्ही चाकं एकदम उचला, नाहीतर लिंक रॉड (या बारला चाकाच्या बाजूशी जोडणारी छोटी दांडी) सोडून ठेवा.

वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असतील आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल, तर उलटं. जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावा आणि टायर जमिनीपासून जेमतेम सुटेल एवढंच उचला. चेसिसला जॅक लावून चाक लोंबतं ठेवलं तर स्प्रिंग आर्मला खाली रेटत राहते आणि जॉइंट ताणलेलाच राहतो. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल तर वरचा आर्म आणि चेसिस यांच्या मध्ये लाकडी ठोकळा बसवा, म्हणजे आर्म खाली येणार नाही, आणि जॅक चेसिसला लावा. टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई) असेल तर तो कोणत्या आर्मला जोडला आहे ते शोधा आणि त्याप्रमाणे वागा.

आता टायरखाली लांब पहार घालून चाक हळू उचला, सोडा. नजर टायरवर ठेवू नका, जॉइंटच्या फटीवर ठेवा. रबरी बुश लवचीक असतं, ते ताणलं जातं आणि आवाज न करता परत येतं. झिजलेला जॉइंट टक् करून थांबतो. हा फरक हाताला एकदा कळला की पुढे चुकत नाही. पहार आर्म आणि नकल यांच्या मध्ये खुपसून जोर करणारे बरेच जण आहेत. नकल म्हणजे हब (चाक ज्याला बसतं तो मधला फिरणारा भाग) ज्यावर बसतो तो लोखंडी भाग. तसं करून जॉइंटचं रबरी टोपण फाटतं, आत धूळ-पाणी जातं आणि चांगला जॉइंट काही महिन्यांत खराब होतो.

स्प्रिंगचा जोर न घेणाऱ्या जॉइंटमध्ये जाणवेल इतका प्ले असेल तर तो बदलाच. जोर घेणाऱ्या काही जॉइंटना कंपनीने थोडी सूट दिलेली असते. तिचा आकडा त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळतो, अंदाज करू नका. काहींना झीज दाखवणारी खूण असते: ग्रीस निपलची कडा जॉइंटच्या तळाच्या आत गेली की तो संपला. ती खूण मात्र चाकं जमिनीवर असतानाच बघायची.

चाक वरखाली हलतंय पण बॉल जॉइंट की व्हील बेअरिंग हे कळत नसेल, तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. हलणं थांबलं तर बेअरिंग. ब्रेकमुळे हब आणि नकल एकमेकांना जखडले जातात, म्हणून बेअरिंगचा प्ले लपतो. बॉल जॉइंटचा तसाच राहतो.

बुश

चाक हवेत असतानाच लोअर आर्मची बुशं पहारीने हलकेच रेटून बघा. रबराच्या पृष्ठभागावरच्या बारीक भेगांना घाबरू नका, जुन्या रबराला त्या पडतातच. रबर आतल्या किंवा बाहेरच्या लोखंडी नळीपासून सुटलं असेल, किंवा आरपार फाटलं असेल, तर ते गेलं. काही गाड्यांत बुशमध्ये द्रव भरलेला असतो. तिथे ओलसर काळा डाग दिसला की बाकी काही तपासायची गरज नाही.

नवीन बुश बसवताना बोल्ट शेवटचा आवळायचा तो चाकं जमिनीवर, गाडीचं वजन त्यांच्यावर असताना. आर्म लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. 'नवीन बुश टिकत नाहीत' अशी तक्रार ऐकली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो. ज्याने बसवली त्याला हा विचारा आणि उत्तर देताना तो घुटमळतो का ते बघा.

राहिलेलं

सोबती स्टीअरिंग फिरवत असताना स्ट्रटच्या स्प्रिंगवर हात ठेवा. ती अडकून मग टंग् करून सुटली तर वरचं बेअरिंग जाम आहे. शॉकमधून तेल गळत असेल तर दोन्ही बाजूंचे बदला. बॉनेट दाबून गाडी किती वेळा उसळते हे मोजण्यावर मी विश्वास ठेवत नाही, पार गेलेलाच शॉक त्यात पकडला जातो.

पुढे काहीच सापडलं नाही तर मागे जा. मागच्या अ‍ॅक्सलची किंवा आर्मची बुशं गेली की मागची चाकंच गाडी वळवू लागतात, आणि चालवणाऱ्याला वाटतं दोष स्टीअरिंगचा आहे.

भाग बदलून झाल्यावर आता अलाइनमेंट. आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा आणि टोबरोबर दोन्ही बाजूंचा कॅस्टरही, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा बाजूने दिसणारा कल, बघा. कॅस्टर कमी असेल तर चाकं आपोआप सरळ येत नाहीत आणि टो नीट असूनही गाडी भरकटते. दोन बाजूंत ठळक फरक असेल तर वाकलेला आर्म किंवा सरकलेली सबफ्रेम शोधायला परत खाली जावं लागेल.