जिमनीला घरच्या घरी नवे सस्पेन्शन आर्म बसवताना

मारुती सुझुकीची जिमनी जून 2023 मध्ये भारतात विक्रीला आली, तेव्हापासून तिची उंची वाढवून घेणाऱ्यांची संख्या कमी नाही. पण उंची वाढवल्यावर स्टीअरिंगचे काय होते, याचा विचार पुष्कळदा नंतर केला जातो. या गाडीचा पुढचा आणि मागचा अखंड ॲक्सल प्रत्येकी दोन लांब आर्म (दांडे) आणि एक आडवा पॅनहार्ड रॉड यांनी चासीला जोडलेला असतो. उंच स्प्रिंग घालून गाडी 50 मिलिमीटर उचलली की आर्म तिरपे होतात, पुढचा ॲक्सल स्वतःभोवती किंचित फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा बाजूने पाहता मागे कललेला कोन, कमी होतो. परिणामी वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि महामार्गावर गाडी सतत सावरावी लागते. ॲक्सलकडची भोके बदललेल्या कोनात असलेले पुढचे आर्म हा कोन परत मिळवून देतात, तर लांबी कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड बाजूला सरकलेला ॲक्सल मध्यावर आणतो.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल करता येत नाही. त्यामुळे सामान मागवण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोन्ही ठिकाणी विचारपूस करावी; गाडीच्या वॉरंटीचीही चौकशी तेव्हाच करून घ्यावी.

जागा सपाट आणि टणक हवी. अंगणात शहाबादी फरशी किंवा पेव्हर ब्लॉक असतील, तर गाडी टेकवायच्या स्टँडखाली जाड प्लायवुडचे तुकडे घालावेत, कारण सुमारे 1,200 किलोची गाडी चार टोकांवर उभी राहिली की फरशीला तडा जाऊ शकतो. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरसुद्धा जाऊ नये. आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. कोकणात किनाऱ्यावर फिरलेल्या गाडीत बोल्ट बुशच्या (आर्मच्या टोकातल्या रबरी जोडाच्या) पोलादी नळीतच गंजून बसतो. नट निघतो, बोल्ट फिरतोसुद्धा, पण त्याच्यासोबत नळी फिरत राहते आणि रबर पिळवटून निघते. अशा वेळी जोर लावत बसण्यापेक्षा बोल्ट कापून नवा घालणे शहाणपणाचे ठरते.

गाडी उचलण्यापूर्वीच मापे घ्यावीत. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची लिहून ठेवावी आणि गवंड्याचा ओळंबा कमानीवरून सोडून टायर दोन्ही बाजूंना किती आत किंवा बाहेर आहे, ते मोजावे. नवे आर्म जुन्यांशेजारी ठेवून भोकांमधील अंतर ताडून पाहावे.

मग चासीखाली स्टँड लावून चाके काढावीत आणि ॲक्सलला ट्रॉली जॅकचा आधार द्यावा. एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज ताणला जाणार नाही, याची खात्री करून क्लिपा सोडाव्यात. एका वेळी एकच आर्म काढावा, हा नियम येथेही लागू आहे, मात्र कॅस्टर बदलणाऱ्या आर्मच्या बाबतीत त्यात एक अडचण आहे. जिमनीच्या आर्मला ॲक्सलकडे दोन बोल्ट असतात, त्यामुळे एका बाजूचा जुना आर्म ॲक्सलला जुन्या कोनात धरून ठेवतो आणि दुसऱ्या बाजूच्या नव्या आर्मचे दुसरे भोक जुळतच नाही. म्हणून नवा आर्म चासीच्या आणि ॲक्सलच्या एकेका बोल्टावर सैल बसवावा, दुसऱ्या बाजूलाही तसेच करावे आणि त्यानंतर डिफरन्शियलच्या (ॲक्सलवरच्या गिअर-पेटीच्या) नाकाखाली छोटा जॅक लावून ॲक्सल सावकाश फिरवावा. भोक जुळले की बोल्ट बोटांनीच आत सरकतो. हातोड्याची गरज भासली, तर अजून जुळणी बाकी आहे असे समजावे.

सगळे बोल्ट आत गेले तरी या टप्प्यावर एकही घट्ट करू नये. बुशमधले रबर आतल्या नळीला चिकटवलेले असते; बोल्ट आवळला की नळी ब्रॅकेटमध्ये जखडते आणि पुढची सगळी हालचाल रबराच्या पिळातून होते. ॲक्सल लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी चाकांवर उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते. माझ्या पहिल्या जोडीचे बुश मी असेच आवळले होते आणि एकाच पावसाळ्यात त्यांना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या.

त्यामुळे चाके लावून गाडी खाली घ्यावी, चारही चाकांखाली सारख्या उंचीच्या रुंद फळ्या ठेवून खाली जागा करून घ्यावी, चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, गाडी दाबून-सोडून स्प्रिंग स्थिर होऊ द्याव्यात आणि मग टॉर्क रेंचने बोल्ट आवळावेत. किती जोराने आवळायचे तो आकडा आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. पॅनहार्ड रॉडची लांबी गाडी चाकांवर उभी असतानाच, पुन्हा ओळंबा सोडून जुळवावी आणि त्याचे लॉकनट विसरू नयेत. तो रॉड सैल राहिला, तर वेगात स्टीअरिंग जोरजोरात थरथरू लागते.

त्यानंतर टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) तपासून घ्यावा आणि अलाइनमेंटवाल्याकडून कॅस्टरचा छापील आकडा मागून घ्यावा. फोर-एचमध्ये (चारही चाके चालवणाऱ्या वेगाच्या गिअरमध्ये) नवी थरथर जाणवली, तर कॅस्टर सावरण्याच्या नादात पुढच्या ॲक्सलला ताकद पोहोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढला आहे का, ते पाहावे. प्रत्येक नटावरून ब्रॅकेटवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. 100 किलोमीटरनंतर आणि प्रत्येक खडकाळ वाटेनंतर खाली वाकून ती रेघ तुटलेली नाही ना, म्हणजे नट फिरलेला नाही ना, एवढे पाहावे.